फुकटच्या मच्छरदाणीबद्दल

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, हे माझं मत जुनं आहे आणि पुष्कळ बाबतींत ते आजही तसंच आहे. आमच्या मंडळात वह्या वाटायच्या असोत, छत्र्या असोत की चादरी, मी नेहमी म्हणत आले की पाच-दहा रुपये का होईना, घेतले पाहिजेत. घेणाऱ्याचा मानही त्यात राहतो. वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पहाटे उठून फुलं खुडायची, टोपल्या भरून दादरला न्यायच्या, तेव्हा कुठे चार पैसे हातात पडायचे. कष्टाशिवाय आलेल्या वस्तूकडे आमच्या घरात संशयानंच पाहिलं जायचं.

एका वस्तूपुरतं माझं हे मत पार बदललं. ती वस्तू म्हणजे औषध लावलेली मच्छरदाणी. ती विकू नये, तिच्यासाठी नाममात्र रक्कमही मागू नये, घरातल्या प्रत्येक अंथरुणाला पुरेल इतकी आणि फुकटच द्यावी, असं मी आता म्हणते. मंडळातल्या काही जणांना अजून वाटतं की पाड्यावरची गरिबी पाहून मी विरघळले. तसं झालेलं नाही. गरिबी मी आधीही पाहत होते. मत बदललं ते डास कसा जगतो आणि कसा मरतो हे कळल्यावर, आणि म्हणूनच ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

वसई-विरार म्हटलं की लोकांना गर्दीची लोकल, टॉवर आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे रस्ते आठवतात. पण महामार्ग ओलांडून पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या कडेनं पारोळ, भाताणे, मेढे या बाजूला गेलं की भातखाचरं लागतात, ओढे लागतात, वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे लागतात. दिवाळी झाली की त्यातली कितीतरी कुटुंबं चूलबोळकं बांधून वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. ज्याच्या रक्तात हिवतापाचा जंतू आहे त्याच्याबरोबर तो जंतूही जातो आणि येतो. काही वर्षांपूर्वी या पाड्यांवर मच्छरदाण्या वाटण्याचा विषय मंडळापुढे आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मी पुढे होते.

माझं म्हणणं असं होतं. हिवताप साचलेल्या पाण्यातून येतो. खड्डे कोण खणतं, बांधकामावर पाणी कोण साचू देतं, टाक्या कोण उघड्या ठेवतं, हे विचारायचं सोडून आपण गरिबाच्या हातात जाळी द्यायची, म्हणजे जबाबदारी त्याच्याच गळ्यात टाकायची. दुसरं, ज्याला डास चावतो तो स्वतःसाठी मच्छरदाणी घेईलच. बाजारात ती काही दुर्मिळ नाही. आणि तिसरं, मी डोळ्यांनी पाहिलेलं: आधी कुणीतरी वाटलेल्या जाळ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आणि भाजीच्या वाफ्यावर पसरलेल्या होत्या. या तिन्ही मुद्द्यांतला पहिला मला आजही खरा वाटतो. त्याकडे पुढे येते.

मंडळातल्या एका डॉक्टरांनी माझ्याशी वाद घातला नाही. मी आयुष्यभर गणित शिकवलं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आकड्यांचे कागद आणून दिले. ते कागद आफ्रिकेतले होते. गांबिया नावाचा चिंचोळा देश, नदीच्या दोन्ही काठांवर वसलेला. त्यातल्या फराफेन्नी गावाभोवतीची खेडी. तिथल्या लोकांना मच्छरदाणी नवी नव्हती, ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. ब्रायन ग्रीनवुड, पेद्रो अलोन्सो, स्टीव्ह लिंडसे या संशोधकांच्या चमूनं गावांतल्या त्याच जाळ्या पर्मेथ्रिन नावाच्या कीटकनाशकात बुडवून परत टांगायला दिल्या. १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. पुढे केनिया, घाना, बुर्किना फासो इथे मोठे प्रयोग झाले. सगळीकडे इतका मोठा फरक दिसला नाही, पण फरक दिसलाच. सगळं एकत्र करून क्रिस्टियान लेंगेलर यांनी मांडलेला हिशेब असा, की औषधी मच्छरदाण्यांखाली झोपणाऱ्या दर हजार मुलांमागे वर्षाला सुमारे साडेपाच जीव वाचतात. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले आणि त्यांपैकी ६८ टक्के मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अंदाज 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मोठे आकडे पाहून मी हलले असं नाही. मला प्रश्न पडला तो वेगळाच. जाळी आधीही होती, माणसं तिच्याखाली झोपतही होती. मग नुसत्या औषधानं एवढा फरक का पडावा?

त्याचं उत्तर डासाच्या आयुष्यात आहे. हिवतापाच्या रुग्णाला ॲनाफिलिस डासाची मादी चावली की तिच्या पोटात जंतू जातात, पण ती लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. जंतू तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत यायला दहा-बारा दिवस तरी लागतात. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले ते याच वाढीचे ठिपके, डासाच्या जठराच्या भिंतीवरचे. एवढे दिवस ती मादी जगली तरच ती धोक्याची. आणि अंडी घालण्यासाठी तिला दर दोन-तीन दिवसांनी रक्त लागतं. म्हणजे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जंतू पोचवण्याआधी तिला मधे तीन-चार वेळा तरी कुणाच्या ना कुणाच्या अंथरुणापाशी यावं लागतं.

साधी मच्छरदाणी तिला फक्त अडवते. ती जाळीवर बसते, अंग जिथे जाळीला टेकलं असेल तिथून चावते, नाहीतर शेजारच्या उघड्या अंथरुणाकडे जाते. औषधी जाळीवर बसली तर मरते, निदान तिची तिथून पळता भुई थोडी होते. आता पाड्यावरच्या सगळ्याच अंथरुणांवर अशा जाळ्या आहेत असं समजा. प्रत्येक फेरीत तिच्या मरण्याची शक्यता निम्मी धरली, तर चार फेऱ्यांनंतर सोळांतली एक उरते. डासांची संख्या निम्मी केली तर आजार निम्मा होईल. डासांचं आयुष्य कमी केलं तर आजार कितीतरी पटींनी कमी होतो. जॉर्ज मॅकडोनाल्ड या शास्त्रज्ञानं हे १९५० च्या दशकात समीकरणांनी दाखवून दिलं होतं. फळ्यावर हे गणित मी स्वतः मांडून पाहिलं. त्यानंतर मच्छरदाणीला घरातली खासगी वस्तू म्हणणं मला शक्य झालं नाही.

कारण या हिशेबात माझी जाळी मला जितकी उपयोगी, तितकीच ती शेजारणीला उपयोगी. माझ्या जाळीवर मेलेली मादी उद्या तिच्या मुलाला चावणार होती. पश्चिम केनियात हे मोजलंही गेलं: ज्या वस्तीत जवळजवळ सगळीकडे औषधी जाळ्या होत्या, तिच्यापासून तीनशे मीटरच्या आत राहणाऱ्या, स्वतः जाळी नसलेल्या घरांनाही जवळपास तितकंच संरक्षण मिळालं. उलट गावात दोन-चार घरांनीच जाळ्या विकत घेतल्या तर त्या घरांचं थोडंफार भलं होईल, गावाचा हिवताप तसाच राहील. 'ज्याला गरज आहे तो घेईल' हा माझा दुसरा मुद्दा इथे संपला. ज्याच्या हातात पैसे आहेत तो घेतो, आणि डासाला मात्र गावातलं प्रत्येक अंथरूण खुलं असतं.

मग मला डीडीटीची फवारणी आठवली. आमच्या लहानपणी खाकी कपड्यांतली माणसं पाठीवर पंप घेऊन घराघरांत शिरत, भिंती पांढुरक्या करून जात. मुंबई प्रांतात ही मोहीम १९४६ साली डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड भागात सुरू केली. देशभरचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ चा. त्यानं हिवताप किती खाली आणला आणि हयगय झाल्यावर तो कसा उसळला, १९७६ साली देशात ६४ लाख रुग्ण कसे नोंदले गेले, हा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. भिंतीवरच्या औषधाचे पैसे कुणी कधी मागितले नव्हते. फुकटची फवारणी म्हणून आमच्या वडिलांनी तिची किंमत कमी मानली नाही, आणि आमच्या आत्मसन्मानालाही धक्का लागला नाही. भिंत आमची, पण डास गावाचा, हे सगळ्यांना मान्य होतं. औषधी मच्छरदाणी ही तीच भिंत आहे, फक्त अंथरुणाभोवती उभी केलेली. पाड्यावरच्या कुडाच्या घराला, वीटभट्टीवरच्या झावळ्यांच्या खोपटाला फवारायला धड भिंतच नसते. तिथे तर ती अधिक हवी.

उरला पैशाचा प्रश्न. निदान थोडी किंमत ठेवावी की नाही? यावरही केनियात प्रयोग झाला आहे. जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्युपास यांनी गरोदर बायकांच्या दवाखान्यांत काही ठिकाणी जाळ्या फुकट दिल्या, काही ठिकाणी वेगवेगळ्या किमतींना. फुकट असताना जवळजवळ सगळ्यांनी घेतल्या. किंमत साठ अमेरिकन सेंटवर नेली, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्केबिंदूंनी कोसळलं. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे की, पैसे मोजून घेणाऱ्या बायका जाळी अधिक वापरत होत्या असं काही आढळलं नाही. फुकट घेतलेलीही तितकीच टांगली जात होती. ड्युपास यांनी पुढे हेही दाखवलं की ज्यांना आधी मोफत जाळी मिळाली, ते नंतर दुसरी विकत घ्यायला जास्त तयार होते. वापरून तिचा गुण कळला होता. गांबियातही राष्ट्रीय कार्यक्रमात दुसऱ्या वर्षी जाळी बुडवायच्या औषधाला थोडे पैसे लावले, तेव्हा औषध लावून घेणारे झपाट्यानं घटले. माझ्या पाच-दहा रुपयांच्या आग्रहाला यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणतं हवं होतं?

तरीही भाजीच्या वाफ्यावरची ती जाळी डोक्यातून जात नव्हती. पाड्यावर गेले तेव्हा एका घरी विचारलंच. घरातली बाई म्हणाली, "ती फाटकी आहे बाई, जुनी. निजायची आत बांधलीय." खरंच आत होती. मग आणखी घरी विचारलं, तेव्हा अडचणी वेगळ्याच निघाल्या. जाळी एका खाटेच्या मापाची आणि चटईवर निजणारे पाच जण. कुडात खुंटी नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात माणसं अंगणात झोपतात, तिथे बांधायला काही नाही. नवी जाळी पाकिटातून काढून लगेच खाली झोपलं की चेहरा चुरचुरतो, म्हणून ती बाजूला पडते. आधी एक दिवस सावलीत वाऱ्याला टांगायची असते, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ओढ्यावर दगडावर आपटून धुतली की औषध लवकर जातं, शिवाय पायरेथ्रॉइड गटातली ही औषधं माशांना घातक, त्यामुळे ओढ्यात धुणं मुळात वाईट. बादलीत, साध्या साबणानं धुवायची आणि सावलीत वाळवायची. चांगली जाळी वीसेक धुण्यांपर्यंत आणि साधारण तीन वर्षं टिकते. या सगळ्यात 'फुकट मिळाली म्हणून टाकली' असं एकही घर मला दिसलं नाही. वाटप करून फोटो काढून परत येणं आणि घरात शिरून चार खुंट्या ठोकून देणं, यातल्या अंतरावर सगळं अवलंबून होतं.

तर मी मच्छरदाणीची कट्टर पक्षपाती झाले का? नाही. आणि इथे माझ्या जुन्या पहिल्या मुद्द्याकडे यायचं.

आफ्रिकेतला ॲनाफिलिस गांबिए हा डास प्रामुख्यानं माणसालाच चावतो, घरात चावतो आणि रात्री उशिरा, माणसं झोपेत असताना चावतो. जाळीसाठी याहून सोयीचा शत्रू नाही. आपल्या ग्रामीण भागातला ॲनाफिलिस क्युलिसिफेसिस गुरांवर अधिक बसतो, भाताच्या खाचरांत आणि पावसाच्या डबक्यांत वाढतो. तिथे जाळी उपयोगी आहे, पण तिच्या जोडीला लवकर रक्ततपासणी, व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापासाठी प्रायमाक्वीनच्या गोळ्यांचे चौदा दिवस पुरे करणं, हे सगळं लागतं. ताप उतरला की गोळ्या बंद, ही सवय मोडायला मला जाळीपेक्षा जास्त बोलावं लागलं आहे.

नालासोपारा, विरार, वसई रोडच्या इमारतींत मात्र गाठ ॲनाफिलिस स्टिफेन्सीशी. तो सहसा गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ पाणी लागतं: गच्चीवरची टाकी, विहीर, बांधकामाच्या स्लॅबवर आणि लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, टँकर येईल तेव्हा भरून ठेवलेली पिंपं. तो दिवेलागणीनंतर, माणसं जागी असतानाच चावायला लागतो. मुंबईतल्या या डासाबद्दल चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात लिहून ठेवलं आहे. त्यांच्या तपासात शहरातल्या विहिरी हेच मोठं उगमस्थान निघालं. विहिरी झाकण्याला तेव्हा धर्माच्या आधारानं कडवा विरोध झाला, आणि त्या वादाच्या निमित्तानं रुस्तम मसानी यांनी विहिरींच्या लोककथांवर एक पुस्तकच लिहिलं. गोव्यात १९८० च्या दशकापासून बांधकामं वाढली तसा पणजी, कांदोळी भागात हिवताप वाढला. तिथल्या सरकारनं सार्वजनिक आरोग्य कायद्यात बदल करून बांधकाम मजुरांना आरोग्यपत्र आणि रक्ततपासणी सक्तीची केली. आपल्याकडे उघड्या स्लॅबवर निजणाऱ्या मजुराला औषधी जाळी द्यावी, असं मी आता म्हणते, आणि तिचा खर्च बिल्डरानं करावा असंही म्हणते. पण त्याच्या पायाखालचं पाणी काढलं नाही, तर ती जाळी अपुरी.

हाच आपला शहरी डास आता आफ्रिकेत पोचला आहे. २०१२ साली जिबूतीत तो आढळला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे अवघे २७ रुग्ण होते. २०२० साली त्र्याहत्तर हजारांच्या पुढे गेले. इथिओपिया, सुदान, नायजेरिया, केनिया इथेही तो सापडला आहे. ज्या खंडानं जाळ्यांच्या जोरावर लाखो मुलं वाचवली, तिथल्या शहरांना आता टाक्यांच्या झाकणांचा विचार करावा लागतो आहे. जुन्या औषधांना डास निर्ढावले म्हणून दुहेरी औषधाच्या नव्या जाळ्याही आल्या; क्लोरफेनापिर मिसळलेल्या अशा जाळ्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली केली. हे वाचताना आपण मुंबईच्या शेजारची माणसं या लढ्यात नुसती मदत घेणारी किंवा देणारी नाही, हे मला फार टोचलं. आपल्या उघड्या टाक्यांचं शास्त्र त्यांना आज शिकावं लागत आहे.

एक धोका मी मुद्दाम नोंदवते. डासांचं नाव पुढे करून आमच्याकडे बावखलं, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी, बुजवण्याची भाषा होते. वाडीतलं बावखल जिवंत असेल, त्यात मासे, बेडूक, पाणकिडे असतील, तर अळीला खाणारे तिथेच असतात. गरज वाटली तर गप्पी मासे सोडता येतात. बावखल बुजवून त्यावर इमारत उठली, की तिच्या गच्चीवरच्या टाकीत एकही मासा नसतो. हिवतापाच्या नावानं वसईचं गोडं पाणी संपवायला माझा विरोध पूर्वी होता तितकाच आज आहे.

मंडळाचा सध्याचा शिरस्ता असा ठरला आहे. पाड्यांवर आणि वीटभट्टीवर जाळ्या मोफत, घरात जितकी अंथरुणं तितक्या, बांधून देऊन, आणि सरकारी वाटप जिथे झालं आहे तिथे फक्त उणीव भरून काढायची. गावच्या आशा स्वयंसेविकांना विचारल्याशिवाय एकही जाळी द्यायची नाही. इमारतींच्या सोसायट्यांना मात्र काही फुकट नाही. टाकीचं झाकण त्यांनी स्वखर्चानं बसवायचं, कारण उघडी टाकी दुसऱ्याच्या घरी आजार पाठवते. चाळीतल्या पिंपांची झाकणं फुकट द्यावीत की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं द्यावीत. नळाला रोज पाणी येत नसेल तर पिंप भरून ठेवणं हा त्या घराचा दोष नाही. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा मांडणार आहे.